तुम्ही विचारलंत म्हणून : ईसीएम बदलायचा का?

"दादा, गॅरेजवाला म्हणतोय ईसीएम गेला, बदलूनच टाकू का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि गणपतीच्या आधी तर रोजच, कारण मुंबईहून निघालेली जुनी गाडी कशीबशी कशेडी घाट चढते आणि रत्नागिरीला घरच्या अंगणात येऊन जी बंद पडते ती पडतेच. फोनवर घाईत नीट सांगता येत नाही म्हणून एकदा बसून लिहितोय. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली, आणि बोलतोय ते 2005 ते 2012 च्या आसपासच्या पेट्रोल गाड्यांबद्दल.

ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ॲल्युमिनियमचा चपटा डबा. हवा किती जातेय, थ्रॉटल किती उघडलाय, पाणी किती तापलंय हे सेन्सर त्याला सांगतात आणि त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा, प्लगला ठिणगी कधी द्यायची हे तो ठरवतो. तो बिघडला की गाडी मिसिंग करते, झटके मारते, तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. पण नुसतं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणारा जोड, खराब असलं तरी गाडी हेच सगळं करते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

तर माझं उत्तर असं की डबा खरंच मेलाय हे दिसल्याशिवाय बदलू नका, आणि मेला असेल तर कशाने मेला ते कळल्याशिवाय दुसरा लावू नका. यातली दुसरी गोष्ट मी एका गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकलो.

मिरकरवाड्याहून मासे घेऊन जाणारी एका मामांची जुनी व्हॅन होती. एक सिलेंडर मारत नव्हता. डबा उघडला तर आत एक ट्रान्झिस्टर जळून काळा, वास येतोय, म्हटलं सापडलं. कोल्हापूरहून त्याच नंबरचा जुना डबा मागवला, लावला, गाडी मस्त चालू, मामा खूश, मी खूश. चौथ्या दिवशी व्हॅन परत दारात आणि नव्या डब्यात तोच ट्रान्झिस्टर जळलेला! त्या सिलेंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणारी, आतून शॉर्ट होती, ती जास्त करंट ओढत होती आणि तो करंट सोसून सोसून ट्रान्झिस्टर जळत होता. दोन मिनिटं मीटर लावला असता तर कळलं असतं, मी लावला नव्हता. दुसऱ्या डब्याचे पैसे मी घेतले नाहीत पण मामांचे चार दिवस बुडाले ते कुठून भरून देणार. तेव्हापासून डबा लावण्याआधी प्रत्येक कॉइल आणि प्रत्येक इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजल्याशिवाय मी कपलरला, म्हणजे डब्याच्या वायरींच्या जोडाला, हात लावत नाही.

तीच व्हॅन काही वर्षांनी परत आली, या वेळी दुसऱ्या कोणीतरी ईसीएम गेला असं सांगून पाठवलेली. मामा म्हणाले, "बाबा रे, परत तोच खर्च काय?" मी मॅट उचलली तर खाली बर्फाचं वितळलेलं पाणी, माशाचं, खारं, आणि त्यात ईसीएमच्या अर्थचा बोल्ट. मीटर लावला तर 12 व्होल्ट बरोबर दाखवतोय. मीटरला करंट लागतच नाही हो, वायरीची एक तार शिल्लक असली तरी तो 12 दाखवणार. म्हणून मी करंट ओढणारा इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावतो. तो बॅटरीचा प्लस आणि तो अर्थ यांच्यामध्ये लावला तर देवाच्या समईसारखा मिणमिणला. बोल्ट सोडवला तर वायरीचं टोक हातात चुरा होऊन आलं, हिरवी पावडर नुसती. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं तांबं कळकलेलं. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवीन लग, म्हणजे बोल्टात बसणारी कडी, डाग देऊन बसवला, वरून व्हॅसलीन. सेल्फ मारताना ईसीएमचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये आधी 1.8 व्होल्ट येत होते, ते जवळजवळ शून्यावर आले. व्हॅन पहिल्या सेल्फला चालू. ईसीएमला काहीही झालं नव्हतं.

आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे मी सुरुवात नेहमी इथूनच करतो. बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आहे का, चालू गाडीत 13.8 ते 14.4 मिळतायत का, डब्याला करंट जोडणारा मेन रिले ओढतोय का, अर्थ साफ आहेत का. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाइट लागतोय का हेही बघा, लागतच नसेल तर बहुतेक डब्याला करंटच पोचत नाहीये. आणखी एक गोष्ट हमखास फसवते. डबा सेन्सरना 5 व्होल्ट देतो, एखादा सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट झाली की ते 5 व्होल्ट खाली बसतात आणि डबा मेल्यासारखा वागतो, दोष वाचायचा स्कॅनरही कनेक्ट होत नाही. एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं आणि मीटरकडे बघायचं. ज्याचा कपलर काढल्यावर 5 परत येतात, दोष तिथे.

आता खरंच मेला असेल तर. इथे मी पाहिलेली कारणं ठरलेली आहेत. आपल्याकडे गाड्यांचे तळ सडतात म्हणून पत्राकाम सारखं चालू, आणि बॅटरी न काढता वेल्डिंग केलं की डबा जातो. वेल्डरला सांगा, आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचे कपलर काढ, मग काय ते कर. दुसरं पाणी. 22 जुलै 2021 ला चिपळूणला पूर आला त्यानंतर कितीतरी डबे माझ्याकडे आले, आणि वाचले ते कोणाचे, तर ज्यांनी पाणी उतरल्यावर उत्साहाने चावी फिरवली नाही त्यांचे. चिखलात ओल्या बोर्डातून करंट गेला की तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात. आधी बॅटरीचा मायनस काढा, डबा उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, चांगला दोन दिवस वाळवा. तिसरं म्हातारपण, आतले कपॅसिटर पाझरतात आणि ते पाणी बोर्ड खातं. हे दुरुस्त होतं, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे 105 डिग्रीपर्यंत टिकणारे नवीन टाकायचे, आणि बोर्ड बरा असेल तर मी आधी दुरुस्तीच सुचवतो, कारण डबा गाडीचाच राहतो.

दुसरा डबा घ्यायचाच झाला तर स्टिकरवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, नुसतं मॉडेल तेच असून भागत नाही. आणि इमोबिलायझर, म्हणजे दुसऱ्या चावीने गाडी चालू होऊ न देणारी सोय, असेल तर चावीतल्या चिपची ओळख जुन्या डब्यात असते, नवीन डबा त्या चावीला ओळखत नाही, गाडी चालू होऊन लगेच बंद पडते नाहीतर चालूच होत नाही. जुन्या डब्यातल्या आठ पायांच्या मेमरी चिपमधला डेटा वाचून दुसऱ्यात टाकला की बऱ्याच गाड्यांचं काम होतं. मागच्या मे महिन्यात पावसजवळचे एक काका आले, नवीन डबा लावलेला, गाडी बंद, आणि जुना डबा गॅरेजने भंगारात दिलेला. तो डेटा गेला तो गेलाच, शेवटी चाव्यांसकट सगळं नव्याने कोडिंग करावं लागलं. म्हणून गॅरेजमध्ये गाडी सोडतानाच सांगून ठेवा की जुना डबा मला परत पाहिजे, आणि डब्यावरचा स्टिकर दिसेल असा फोटो काढून मगच मला फोन करा.