घरपट्टीवरचे तात्या

दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर घरपट्टीवर आमची नावं लावायला घेतली, तेव्हा लक्षात आलं की तिथे दादांचंही नाव कधी लागलेलं नव्हतं. बिल यायचं ‘तात्या’ या नावानं. दादा ते निमूट भरत आणि पावती तारेत ओवून ठेवत.

तात्या म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव पंचवटीच्या पलीकडलं. नाव लिहीत नाही, भाऊबंद वाचतील. ७ नोव्हेंबर १९८२ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका एकत्र करून महापालिका झाली. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव अशी आसपासची गावंही तिच्यात गेली, त्यांतलेच आम्ही. ग्रामपंचायत गेली. महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९९२ उजाडलं, तोवर प्रशासक. आमच्या घराचं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरांच्या कराच्या नोंदवहीत, जे नाव होतं तेच पुढे घरपट्टीला चिकटलं. अख्खा गाव तात्या म्हणायचा, लिहिणाऱ्यानंही तेच लिहिलं.

खिडकीवरच्या ताईंनी कागद चाळले. दोघांचे मृत्यूचे दाखले, चालू वर्षाची पावती, वारसांचं प्रतिज्ञापत्र.

“हे तात्या कोण?”

“आजोबा.”

“दाखल्यावर नाव वेगळंय पण.”

होतंच वेगळं. बाईंचं काय चुकलं?

घर गावठाणातलं, त्यामुळे त्याला सातबारा नाही. गावठाणं ड्रोननं मोजून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना २०२०ला आली, ती ग्रामीण भागासाठी. आमच्या दारासमोर अजून गोठा आहे, पण आम्ही शहरात!

पुरावा शेवटी शेतातून निघाला. ग्रामपंचायत गेली तरी महसुली गाव राहतं, शेताचं दप्तर तलाठ्याकडेच. (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.) पाटाखालच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर, दादांच्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, नंबर होता. त्यावरून जुन्या वारस फेरफाराची नक्कल काढली. मोडीच्या वळणाचं अक्षर, शाई फाकलेली, पण मधोमध स्वच्छ ‘ऊर्फ तात्या’. तो ‘ऊर्फ’ लिहिणाऱ्या भाऊसाहेबांना मी मनोमन हात जोडले.

एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण फेरफारात वारस म्हणून दादांच्या खाली आत्याचंही नाव निघालं. घर तात्यांचं, म्हणजे आत्याही वारस. आमच्या प्रतिज्ञापत्रात फक्त आई, भाऊ आणि मी. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, आत्याकडून हक्कसोड घेऊन टाक. असं सगळेच सांगतात. हक्कसोड नोटरीवर भागत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, ही माहितीही त्यानं तयार ठेवली होती. ऐंशीच्या आत्याला तिच्या बापाच्या घरावर पाणी सोडायला रांगेत उभं करायचं, हे मला जमेना.

तिच्याकडे गेले. आधी नाव विचारलं.

“आत्या, तात्यांचं खरं नाव काय गं?”

“तात्याच की!” मग बराच वेळ आठवत बसली. “शाळेत घालताना काहीतरी सांगितलं होतं बाई.”

फेरफार वाचून दाखवला. स्वतःचं नाव आलं तिथे तिनं बोट ठेवायला लावलं.

“मला काही नको घरातलं. पण नाव राहू दे.”

नवं प्रतिज्ञापत्र केलं, चार वारसांचं. भाऊ दोन दिवस फोनवर तुटक बोलला, मग सही पाठवली. अर्ज, फेरफाराची नक्कल, सगळं पुन्हा दिलं. एक गोष्ट ताईंनीच बजावून सांगितली: घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, ही फक्त कर कोण भरणार त्याची नोंद. ती मी भावालाही लगेच कळवली.

पुढचं बिल चार नावांनी आलं. घेऊन आत्याकडे गेले. तिनं चष्मा लावून आपलं नाव शोधलं, मग कागद उलटापालटा केला.

“आणि तात्या कुठंयत?”