ठाण्याहून जैतूनला

इसवी सन १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार धर्मप्रचारक मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळाने त्याच पंथाचा ओडोरिक नावाचा इटालियन भिक्षू होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांचा समुद्रप्रवास करून ठाण्याला उतरला. त्या चौघांच्या पुरलेल्या अस्थी त्याने उकरून काढल्या आणि त्या बरोबर घेऊन तो कोल्लममार्गे चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील जैतून या बंदरात पोहोचला. तेथे आपल्या पंथाच्या मठात त्याने त्या ठेवल्या. हे जैतून म्हणजे आजच्या फूच्यान प्रांतातील च्वानचौ. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाणे आणि जैतून ही दोन्ही बंदरे येतात, पण ठाण्याहून निघून जैतूनला पोहोचलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली हकीकत हाती असणे ही फार मोलाची गोष्ट आहे. ठाणेकरांना च्वानचौची ओळख असावी असे मला मनापासून वाटते, ते प्रामुख्याने यासाठी.

ओडोरिकच्या प्रवासातील एक प्रसंग विशेष आहे. वाटेत वारा पडला आणि जहाज जागच्या जागी खिळून राहिले. जहाजावरील मूर्तिपूजकांनी आपापल्या देवांना आणि मुसलमानांनी अल्लाला साकडे घातले, तरी वारा हलेना. शेवटी ओडोरिकने त्या अस्थींपैकी एक आपल्या सेवकाकरवी जहाजाच्या नाळीवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, गुपचूप समुद्रात टाकवली आणि लगेच शिडे फुगली, असे तो सांगतो. चमत्कारावर विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. वाऱ्यावाचून सगळेच हतबल होते, हे मात्र त्यातून नेमके समजते.

च्वानचौच्या लोकांना ही हतबलता पुरती ठाऊक होती. हिवाळ्यात ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यावर जहाजे दक्षिणेकडे सुटत आणि उन्हाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्यावर परतत. शहराजवळच्या च्यूरी टेकडीवर बंदराचे अधिकारी वाऱ्यासाठी प्रार्थना करीत आणि त्या विधीची नोंद खडकावर कोरून ठेवीत. ११७४ ते १२६६ या काळातील असे लेख आजही तेथे आहेत. आमच्या चेंदणी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. च्वानचौत मात्र सरकारी अधिकारीच वाऱ्यासाठी विधी करीत, कारण राज्याचा मोठा महसूल या वाऱ्यांवर अवलंबून होता. १०८७ मध्ये सागरी व्यापाराची देखरेख करणारे सरकारी कार्यालय च्वानचौत स्थापन झाले आणि पुढील दोन-अडीच शतके हे बंदर जगातील मोठ्या बंदरांत गणले गेले. मिऱ्यांनी भरलेले एक जहाज अलेक्झांड्रियाला जात असेल, तर जैतूनला शंभर येतात, असे पोलोने म्हटले आहे. त्याच्या अतिशयोक्तीची सवय लक्षात घेतली तरी १९७४ मध्ये खाडीच्या गाळातून उकरून काढलेले, चीनच्या सोंग राजवटीच्या काळातील जहाज त्याच्या बाजूने साक्ष देते. त्याच्या तळात एकूण तेरा बंदिस्त कप्पे होते, म्हणजे एखाद्या कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीच्यांच्या आधाराने जहाज तरंगावे. आणि मालात सुगंधी लाकूड व मिरी सापडली.

शहराच्या आख्यायिकांमध्ये मला सर्वांत आवडते ती ल्वोयांग पुलाची. त्साय श्यांग नावाच्या अधिकाऱ्याने हा दगडी पूल खाडीच्या मुखाशी बांधला. काम १०५३ मध्ये सुरू झाले आणि १०५९ मध्ये पुरे झाले. तो पोटात असताना त्याची आई होडीतून ही खाडी ओलांडत होती, वादळ उठले आणि आकाशवाणीने ते शमवले; आपला मुलगा मोठा झाल्यावर येथे पूल बांधील, असे वचन तिने तेव्हा दिले, अशी कथा आहे. पुढे पाया घालायची वेळ आली, पण पाणी ओसरेना. तेव्हा त्साय श्यांगने समुद्राच्या नागराजाला पत्र लिहिले आणि ते कोण नेईल, म्हणून दरबारात विचारले. ‘समुद्रात उतरू शकणारा’ असा अर्थ निघेल अशाच नावाचा एक शिपाई हाक मारल्याचे समजून पुढे आला. तो बिचारा किनाऱ्यावर झोपी गेला आणि जागा झाला तेव्हा त्याच्या हाती उत्तर होते, एकच अक्षर, ‘शिरका’ (व्हिनेगर) या अर्थाचे. त्या चिनी अक्षराचे भाग सुटे केल्यावर एकविसावी तिथी आणि सायंकाळचा प्रहर असे वाचता येते. त्या वेळी भरती ओसरली आणि पाया पडला.

पाया टिकला मात्र कालवांमुळे. पुलाच्या तळाशी कालवे मुद्दाम वाढवण्यात आली, त्यांच्या कवचांनी दगड एकमेकांशी घट्ट जोडले गेले आणि लाटांचा मारा त्यांनी सोसला. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कोयतीने खडकावरची कालवे फोडणाऱ्या कोळिणींना ज्याने पाहिले आहे त्याला त्यांची पकड किती पक्की असते हे निराळे सांगायला नको. त्या पकडीचा चुन्यासारखा उपयोग करून घेण्याची कल्पना हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी सुचली, याचे मला अपार कौतुक वाटते.

आता भारतीय दगडांविषयी. शके १२०३, म्हणजे १२८१ च्या चैत्रात, च्वानचौतील तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर उभारले. तसे सांगणारा तमिळ शिलालेख सापडला असून त्याखाली एक ओळ चिनी लिपीत आहे. मंदिर उरले नाही, पण त्याचे दगड शहरभर पसरले. ६८६ मध्ये स्थापन झालेल्या खाययुआन या बौद्ध मंदिराच्या मुख्य सभागृहाच्या मागील बाजूस दोन खांब आहेत. त्यांवरील गोल चौकटींत नरसिंह आहे, मगरीच्या तावडीतून सुटणारा गजेंद्र आहे, गोपींची वस्त्रे घेऊन झाडावर बसलेला कृष्ण आहे. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ही चित्रे विचारल्याशिवाय ओळखता येतील. याच मंदिराची जागा जमीनमालकाने दिली ती तुतीच्या झाडांना पांढरी कमळे फुलली म्हणून, अशी कथा आहे, आणि जुने तुतीचे झाड तेथे आजही दाखवतात. जवळच्या एका गावात तर हिंदू देवतेची मूर्ती क्वानयिन, म्हणजे चिनी बौद्धांची करुणेची देवता, मानून लोक पूजतात.

बंदराचा ऱ्हास अनेक कारणांनी झाला. १३५७ ते १३६६ या काळात येथील परदेशी सैन्याचे बंड झाले, त्याच्या शेवटी परदेशी लोकांची कत्तल झाली आणि पुढे मिंग राजवटीत सागरी व्यापारावर निर्बंध आले. पडलेल्या मशिदी, चर्च, मंदिरे आणि कबरींचे दगड तटबंदीत आणि घरांत वापरले गेले. विसाव्या शतकात हा तट पाडला जाऊ लागला तेव्हा ते कोरीव दगड पुन्हा उघड्यावर आले. वू वेनल्यांग हे येथील एक जीवशास्त्राचे शिक्षक. त्यांनी अरबी, सीरियाई, तमिळ, लॅटिन लेखांचे दगड वर्षानुवर्षे जमा केले, सरकारला दान केले आणि १९५७ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जैतूनच्या लॅटिन बिशपचा, अँड्र्यू याचा, १३३२ चा कबरीचा दगड १९४६ मध्ये त्यांनाच मिळाला. च्वानचौच्या २२ स्थळांना २०२१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्या मान्यतेमागे या एका शिक्षकाच्या पदरमोडीचा आणि चिकाटीचा वाटा मोठा आहे, असे मी समजतो.

ठाण्याची बाजू याच्या तुलनेत फार दुबळी आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यासाठी पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ चा ताम्रपट सापडला. त्याचे नाव या शहरात किती जणांच्या कानावर आहे? पोलो येथून कातडी आणि सुती कापड जात असल्याचे लिहितो, तेव्हा खाडीकाठी गोदामे, नाखवे, दलाल हे सारे असलेच पाहिजे. नवी इमारत उभारताना पाया खणला जातो त्या वेळी त्यातून निघालेली खापरे आणि घडीव दगड डंपरमधून वाहून जाण्यापूर्वी कोणीतरी पाहावेत, फोटो घ्यावेत, जागा लिहून ठेवाव्यात. यासाठी खूप पैसा लागत नाही. शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या शिक्षकांनी आणि बांधकामावरील अभियंत्यांनी हे काम वाटून घेतले, तर चेंदणी, कळवा आणि कोलशेतपासून सुरुवात करता येईल.