माझ्या नावापुढचा विषय

मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाची यादी आज विभागाच्या फलकावर लागली. 27 फेब्रुवारीला प्रत्येकाने आपल्या आवडत्या पुस्तकावर दहा मिनिटे बोलायचे आणि नावापुढच्या मोकळ्या जागेत ते पुस्तक स्वतःच लिहायचे, असे ठरले होते. सगळ्यांच्या नावांपुढे कोऱ्या रेघा होत्या. माझ्या नावापुढे मात्र सरांच्या सुबक अक्षरात ‘ख्रिस्ती मराठी साहित्य’ असे आधीच लिहून ठेवलेले होते. सरांचा हेतू चांगलाच असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच कोणाशी भांडता येत नाही आणि मनातूनही जात नाही.

मला आनंद यादवांच्या ‘झोंबी’वर बोलायचे होते. शाळा शिकू न देणारा बाप, मळ्यातली न संपणारी कामे आणि त्यातूनही पुस्तकाकडे धाव घेणारा कागलचा तो मुलगा, हे सारे मी गेल्या पावसाळ्यात आजीला वाचून दाखवले होते. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि शस्त्रक्रियेचा विषय काढला, की ती सरळ उठून स्वयंपाकघरात जाते. तो विषय आज नको. आजीचे माहेर कागलकडचे. मोटेचे, उसाच्या पाल्याचे, भाकरीच्या दुरडीचे वर्णन आले, की ती मला मध्येच थांबवून “आगं, ह्यो तर आमच्याच शिवारातला दिसतोय,” असे म्हणायची आणि पुढचा अर्धा तास पुस्तक बाजूला राहून तिचीच गोष्ट चालायची. बोलण्यासाठी मी टिपणेही काढून ठेवली होती.

आणि मला मिळाले काय, तर फादर स्टीफन्स. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’विषयी मला आदर आहे. एका इंग्रज जेझुइटाने, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूने, गोव्यात बसून सुमारे अकरा हजार ओव्या रचाव्यात आणि 1616 साली रायतूरला तो ग्रंथ रोमन लिपीत छापला जावा, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण सरांना वाटते तसा तो आमच्या घरातला ग्रंथ नाही. आम्ही वाइल्डर मेमोरियल चर्चला जाणारी प्रॉटेस्टंट माणसे. आमच्याकडे तो कोणी उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. वर्गातल्या इतरांना तो जसा अभ्यासक्रमात भेटला, तसाच मलाही भेटला, आणि पहिल्या पन्नास ओव्यांत त्यांच्याइतकीच मीही अडखळले. जे खरोखर माझ्या घरातले आहे, ते कागलच्या मळ्यातले आहे. पण यादी पाहणाऱ्याला हे कसे कळावे?

वाचनाचे वेड मला देवळातच लागले, हे मात्र कबूल करावेच लागेल. उपदेश लांबला, की मी मांडीवरच्या पवित्र शास्त्रात रूथची किंवा ईयोबाची गोष्ट काढून बसत असे, आणि मम्मीला वाटे, मुलगी फार भाविक आहे. आजीचे शास्त्र तर अजून माझ्या टेबलावर आहे. त्याचा पुठ्ठा तिने साडीच्या काठाच्या पट्टीने शिवून घेतला आहे, स्तोत्रसंहितेच्या समासात निळ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि उपदेशकाच्या पुस्तकात कधीची तरी विजेच्या बिलाची पावती खूण म्हणून पडून आहे. पुढे करवीर नगर वाचन मंदिराचे सभासदत्व पप्पांनी घेऊन दिले आणि मग रूथनंतर काय वाचावे, हा प्रश्नच उरला नाही. ते ग्रंथालय 1850 चे आणि आमच्या चर्चला ज्यांचे नाव आहे ते मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले 1852 मध्ये. म्हणजे वाचण्याची सोय या गावात आमच्या आधीपासून होती, असे पप्पा पाहुण्यांना नेहमी सांगतात. पाहुण्यांना त्यात विनोद कोणता, ते कळत नाही. पप्पांच्या बदलीचे अजून काही कळलेले नाही.

केएमटीच्या बसमधून बावड्याला येईपर्यंत हेच डोक्यात घोळत राहिले. इतरांना आवड आहे आणि मला समाज आहे, असे काहीसे वाक्य मनात तयार झाले आणि ते इतके करुण वाटले, की दोन थांबे मी स्वतःवरच हळहळत बसले. सरांनी भजनी मंडळात गाणाऱ्या मुलाला ‘संत साहित्य’ लिहून दिले नाही. पन्हाळ्याच्या मुलीला ‘गडकोट’ लिहून दिले नाही. तिने रेघेवर एका रहस्यकथेचे नाव लिहिले आणि कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. मैत्रीण बरोबर असती, तर तिला हे सांगितले असते. पण आमचे सध्या बोलणे नाही, आणि ते का नाही, हे तिलाही माहीत आहे.

रात्री जेवताना मात्र एक विचार असा आला, की घास हातातच राहिला. हाच विषय सरांनी दुसऱ्या कोणाला दिला असता, तर मला काय वाटले असते? समजा, त्या रहस्यकथावालीला दिला असता आणि तिने व्यासपीठावरून बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857 ची, हे सांगायचे विसरून थेट नाताळच्या केकवर उडी मारली असती तर? माझा जळफळाट झाला असता. पहिल्याच रांगेत बसून मी तिच्या चुका मोजल्या असत्या. म्हणजे विषय माझ्या गळ्यात पडला तरी राग, आणि दुसऱ्याला मिळाला तरी राग! अशा मुलीचे सरांनी तरी काय करावे?

त्यातून बोलण्यासारखे इतके आहे, की दहा मिनिटे म्हणजे थट्टाच. रेव्हरंड टिळकांची पारध्याने घायाळ केलेल्या पक्षिणीची कविता वर्गातल्या अनेकांना तोंडपाठ आहे, पण ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, हे विचारले तर निम्मे जण चकित होतील. बालकवी त्यांच्या घरी राहिले होते, हे ऐकून उरलेले निम्मे. आणि लक्ष्मीबाई! नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच त्याच्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी पाच वर्षे घेतली आणि आपले आपण ठरवून 1900 साली बाप्तिस्मा घेतला. आपल्या नावापुढची रेघ दुसऱ्याला भरू न देणारी ती बाई होती, हे लिहिताना आज प्रथमच माझ्या लक्षात आले आणि मी नकळत टिपणे काढू लागले. फादर स्टीफन्सपासून लक्ष्मीबाईंपर्यंतची तीनशे वर्षे आता चार पाने झाली आहेत. सरांकडे आणखी पाच मिनिटे मागावी लागणार; ‘विषय तुम्हीच दिलात’ हे त्यासाठी उत्तम कारण आहे.

एवढ्यात भजनी मंडळवाल्याचा फोन आला. त्याने आपल्या रेघेवर ‘झोंबी’ लिहिले आहे, पुस्तक अजून हातात घेतलेले नाही, आणि माझी टिपणे मिळतील का, असे तो विचारत होता. मला संताप यायला हवा होता, पण हसूच आले. टिपणे देते म्हटले. मात्र त्याआधी त्याने पुस्तक पुरे वाचायचे आणि कार्यक्रमात माझ्या भाषणाआधी ‘क्रिस्तपुराणा’तल्या पाच ओव्या म्हणायच्या, कारण ओवी त्याच्या गळ्यात आहे आणि माझ्या नाही. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “टाळ घेतले तर चालतील का?” उद्या सरांना विचारते.