'त्याने' नको, 'तिने' चालेल!

पहिलीतल्या पोरांसाठी रहस्यकथा लिहायची ठरवली तेव्हा वाटलं होतं, अवघड काम गुन्हा शोधण्याचं असेल. तो तर लगेच सापडला. तान्हा पोळ्याची, म्हणजे मुलांनी लाकडी बैल मिरवायच्या सणाची सकाळ, अख्खं घर मारबतीची (रोगराई, संकटं घालवायला काढतात त्या मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक बघायला नागपूरच्या इतवारीत गेलेलं, आणि परत येऊन पाहतात तर मीराचा लाकडी बैल गायब. संध्याकाळी घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागायला काय घेऊन जाणार? नागपूरच्या पोराला यापेक्षा मोठं संकट सांगायची गरज नाही.

खरी कसरत जोडाक्षरांची होती. नुकतं काना-मात्रा जुळवून वाचणारं मूल जोडाक्षरापाशी अडखळतं आणि तेवढ्यात गोष्टीचा धागा सोडतं. 'गुप्तहेर' हा शब्द तर सुरुवातीलाच बाद झाला. रहस्यकथेत सगळे सारखे बोलत असतात, आणि 'म्हणाली' मध्येही जोडाक्षर! तिथे 'बोलली' आणलं. नायक मुलगा ठेवला की पानोपानी 'त्याने', 'त्याला' येणार. मुलगी केली, 'तिने', 'तिला' झालं, काम हलकं झालं. (मुलगी असण्याचं कारण एवढंच. कुणी कौतुक केलं तर मी गप्प राहून घेते.)

मग सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. 'डबा' सोपा, पण आत काही लपवलं की 'डब्यात'. पंखा, घोडा, माळा यांचंही तेच. म्हणून बैल लपवायला खाट निवडली. 'खाटेखाली' मूल बोट ठेवून वाचतं. 'आईच्या हाताला हळद' हे तर फारच जड. तिथे 'आईचा हात पिवळा!' असं लिहिलं आणि वाक्य उलट जास्त संशयास्पद झालं. जोडाक्षर एकच ठेवलं, 'तान्हा'. इथली मुलं तो शब्द अक्षरं न जुळवताही ओळखतात.

आता पुरावा. बैल पिवळा, शिंगं लाल, दोन्ही रंग ओले. आईचे हात पिवळे म्हणून सगळे तिच्याकडे वळतात, पण ती हळद निघते. लाल डाग मात्र आजोबांच्या बाहीवर आहे, आणि तो मजकुरात कुठेच नाही, फक्त चित्रात. या वयाचं मूल शब्दांपेक्षा चित्र बारकाईने वाचतं. त्याला पुरावा मीराच्या एक पान आधी दिसला पाहिजे, नाहीतर गंमत काय? आजोबांनी बैल चोरलेला नाही; चाक करकरतं म्हणून तेल घालायला नेलाय. एका संपादकाने खराखुरा चोर घालायला सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. सहा वर्षांच्या मुलाला सणाच्या दिवशी पकडापकडी नको असते, बैल परत हवा असतो.

पुस्तक सोळा पानी, म्हणजे छपाईचा एक फॉर्म (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं). शीर्षक आणि श्रेयाची पानं वजा केली की गोष्टीला जागा थोडीच. कोऱ्या कागदांना घड्या घालून कच्ची प्रत शिवली, तेव्हा कळलं की उत्कंठा वाक्यात नसते, ती पान उलटण्यात असते. 'खाटेखाली काय आहे?' हा प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी, आणि उत्तर पलीकडे. डावीकडे प्रश्न नि उजवीकडे उत्तर असं पडलं तर डोळा आधी उत्तरावर जातो, मग वाचायची गरजच संपली.

ती प्रत घेऊन आमच्या कॉलनीतल्या पोरांना जिन्यात बसवलं. मी वाचून दाखवलं नाही, त्यांनाच वाचू दिलं. एक मुलगा मधेच थांबला, बाहीवर बोट ठेवलं आणि ओरडला, "काकू, आजोबानंच नेला न!" शेजारची लगेच चिडली, "बे, सांगू नको न, मले वाचू दे!" मला हवं होतं ते एवढंच. आणखी एकीने विचारलं की सगळे मारबत बघायला गेले तर आजोबा घरी का? रास्त शंका. मग पहिल्या चित्रात आजोबांच्या गुडघ्याला पट्टी आणि शेजारी काठी आली, मजकूर तसाच राहिला.

पुढची गोष्ट शिंप्याच्या दुकानातली आहे. हे वाक्य वाचतानाच 'शिंप्या'तलं जोडाक्षर तुम्हाला दिसलं असेल, म्हणून पुस्तकात तो टेलर आहे.