आधी बुश, मग किट

गिअरची तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक रोजचंच. हा मुलगा मात्र तक्रार आणि तिचा इलाज दोन्ही घेऊन आला होता. डब्यात गिअरच्या दांड्याचा फेरा कमी करणारं शॉर्ट शिफ्टरचं किट, बोल्टची पुडी आणि मोबाईलवर ते बसवण्याचा व्हिडिओ. "दुसऱ्यातून तिसरा टाकताना अडकतं, काका. दांडा फिरतोही फार लांब. हे बसवलं की झालं. अर्ध्या तासाचं काम आहे."

व्हिडिओतलं प्रत्येक काम अर्ध्या तासाचंच असतं. गंजलेला बोल्ट व्हिडिओत कधी दिसत नाही.

किट हातात घेऊन पाहिलं, चांगलं होतं. पट्टी लावून मापं घेतली, कारण डब्यावर लिहिलेल्या टक्क्यांवर माझा विश्वास नसतो. शॉर्ट शिफ्टर म्हणजे शाळेत शिकलेली तरफ, दुसरं काही नाही. त्याच्या गाडीत टेकूपासून दांड्याच्या वरच्या नॉबपर्यंत २४० मिलिमीटर आणि टेकूपासून खाली केबलच्या खुंटीपर्यंत ६०. म्हणजे ४ ला १. केबल २५ मिलिमीटर सरकवायची तर नॉब १०० मिलिमीटर न्यावा लागतो. किटमध्ये टेकू १५ मिलिमीटर वर उचललेला होता: वर २२५, खाली ७५, म्हणजे ३ ला १. तीच केबल आता नॉब ७५ मिलिमीटर नेला की तेवढीच सरकणार. डब्यावर '२५ टक्के कमी' असं ठळक छापलं होतं, ते खरं निघालं. पण त्याच हिशेबाने हाताला जोर एक तृतीयांश जास्त लागणार, हे डब्यावर कुठेच नव्हतं. गिअरबॉक्सच्या आत जे जसं हलायचं ते तसंच हलणार, तेवढाच जोर मागणार. फरक पडणार तो आपल्या मनगटाला.

तेव्हा डबा बाजूला ठेवला आणि म्हटलं, आधी अडकतं का ते बघू.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. पडत होते, पण दांडा खिळखिळा. मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबला, चार-पाच सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकला. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात अडकण्याआधी वेग जुळवणारी रिंग, नसतो, आणि या गाडीतही नव्हता. क्लच पूर्ण सुटत नसेल तर इथे दात खरखरून सांगतात. आवाज आला नाही, म्हणजे क्लच निर्दोष. ही परीक्षा फुकट आहे, एक मिनिटाची आहे, आणि तरीही ती न करता क्लचप्लेट बदलून दिलेल्या गाड्या माझ्याकडे येत असतात. पुढे इंजिनचं माउंटिंग. तिसऱ्यात चालवताना ॲक्सिलरेटर दाबून सोडला. इंजिन डुललं की दांडा उड्या मारतो, इथे जेमतेम थरथरला.

मग बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा काढला. इंजिन आडवं असलेल्या पुढच्या चाकांच्या गाडीत दांडा आणि गिअरबॉक्स यांची गाठ पडतच नाही, दोघांच्या मध्ये दोन केबली असतात. एक पुढे-मागे सरकवते, दुसरी डावी-उजवी रांग निवडते. माझदाच्या एमएक्स-५ सारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो, म्हणून तिच्यात गिअर टाकताना हाताला जे कळतं ते या गाड्यांत कधीच कळत नाही. लोक त्या गाडीचे व्हिडिओ बघतात आणि किट या गाडीसाठी मागवतात.

आमचा शिकाऊ पोरगा आत बसला, मी टॉर्च घेऊन वाकलो. "हलव." तो म्हणाला, "हलवतोय, दादा." गिअरबॉक्सवरचा आर्म जागचा ढिम्म. "अजून हलव." आता केबलचं टोक खुंटीवर तिरकं झालं, मग एकदम खट्कन आर्म सरकला. टोकातला बुश, म्हणजे खुंटीभोवतीची रिंग, फाटून अर्धचंद्र झाला होता आणि खुंटीभोवती त्याचा काळा चिकट भुगा जमला होता. नॉबपाशी मोजलं तर आर्म हलायच्या आधीच २२ मिलिमीटर वाया जात होते. बिचारा मुलगा खोटं बोलत नव्हता, दांडा खरोखरच लांब फिरत होता. किट बसवलं असतं तर ही ढिलाई गेली नसती. ती दांड्याच्या पलीकडच्या टोकाला होती; फार तर २२ ची १६-१७ झाली असती आणि त्याला वाटलं असतं की किट काम करतंय.

त्या बुशाचं वजन चिमूटभर. पण गाडी बनवणारे तो सुटा देत नाहीत. पार्ट्सच्या यादीत थेट अख्खा केबल सेट येतो, कारण कागदोपत्री बुश हा वेगळा पार्टच नाही. म्हणजे फाटलेला एक बुश बदलायला सीटखालचं कार्पेट उचलून केबली ओढायच्या. मी नायलॉनच्या रॉडमधून बुश कातून घेतो. पितळी कोणी सुचवला तर नको म्हणतो: धातूचा बुश टिकतो खरा, पण गिअरबॉक्सचा सगळा घूं-घूं आवाज आणि थरथर केबलीतून आत आणून सोडतो. नायलॉनमध्येही माप सांभाळावं लागतं. रांग निवडणाऱ्या केबलीचा बुश जरा घट्ट झाला, तर न्यूट्रलमध्ये दांडा स्प्रिंगने आपोआप मधल्या रांगेत परत यायला हवा तो येत नाही. मग माणूस तिसरा टाकायला जातो आणि पडतो पाचवा किंवा पहिला. वेगात असताना पहिल्याशी झटापट म्हणजे क्लच आणि सिंक्रो दोघांची वाट. म्हणून बुश बसवल्यावर दांडा बाजूला ढकलून सोडून द्यायचा आणि तो स्वतःहून मध्ये येतो का ते पाहायचं. आला.

यावर मी थांबू शकलो असतो. पण सकाळी थंड गाडीत दुसरा-तिसरा जास्त जड जातो, असं तो गाडीवाला मुलगा बोलता बोलता म्हणाला होता. ऑइल काढलं. वासानेच कळलं: गंधकाचा उग्र दर्प, आणि धार जाड. आधीच्या गॅरेजवाल्याने 'आवाज येतोय' म्हणून जीएल-५ चं जाड ऑइल भरलं होतं. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ प्रकारचं, ७५डब्ल्यू-८० जाडीचं असं स्पष्ट लिहिलेलं. जीएल-५ मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनसाठी, जिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात. सिंक्रोला नेमकं उलटं हवं असतं. त्याची पितळी रिंग गिअरच्या कोनाला घासून दोघांचा वेग एक करते, आणि तो एक होईपर्यंत दातांना आत जाऊ देत नाही. ऑइलच फार निसरडं असेल तर रिंग पकड घेणार कशी? वर सकाळी ते घट्ट. जाड ऑइलने आवाज दबतो हे खरं. आवाज करणारी वस्तू तशीच झिजत राहते.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी लगदी होती, ती सगळ्यांच्याच प्लगवर असते. पांढऱ्या ट्रेमधलं ऑइल टॉर्चखाली हलवलं आणि तळाशी बारीक सोनेरी चमक फिरली. चुंबक पितळ पकडत नाही, ते असंच ट्रेमध्ये दिसतं. मुलाला जवळ बोलावून दाखवलं. "हा तुझा तिसरा," म्हटलं. त्याला वाटलं मी घाबरवतोय. आमच्या धंद्याने लोकांना इतक्यांदा घाबरवलंय की खरं दाखवलं तरी पटत नाही, आणि त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही.

योग्य ऑइल भरून, बुश बसवून त्याला गाडी चालवायला दिली. "काका, गाडी बदलली," म्हणाला. बदलली होतीच. दांड्यात फुकटचा प्रवास उरला नव्हता, रांगा हाताला लागत होत्या, सावकाश टाकलं तर तिसरा निमूट जात होता. घाईने, वरच्या आरपीएमवर टाकला की मात्र हलकीशी खर्र. रिंग झिजलीय, ती ऑइलने भरून येत नाही.

मला वाटलं विषय संपला. तो म्हणाला, "आता किट बसवू या."

मी त्याला सगळं ऐकवलं. सिंक्रोला वेग जुळवायला जो वेळ लागतो तो लागतोच. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला तेव्हापासून हे तत्त्व तेच आहे. दांडा छोटा केला म्हणून रिंग लवकर घासत नाही. उलट हात लवकर पोचतो, रिंग मागे राहते, आणि माणूस जोर लावतो. झिजलेल्या तिसऱ्यावर हे म्हणजे त्याचा शेवट जवळ आणणं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण काका, मला गरज म्हणून नकोच आहे. मजा म्हणून हवंय."

यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हतं. तक्रार होती ती मी सोडवली होती, आणि हौस ही तक्रार नसते.

किट उलटवता येण्यासारखं होतं: कन्सोल काढायचा, चार बोल्ट, दोन केबलींच्या क्लिपा. न्यूट्रलमध्ये लॉक पिन घालून केबल जुळवायची, नाहीतर एका बाजूचे गिअर अर्धवट बसतात आणि चालताना सुटतात. व्हिडिओत ही पिन नव्हती. बसवून मी स्वतः ट्रायल मारली. आता खरं लिहितो: मला आवडलं. दुसरा-तिसरा, मनगटाची एक हालचाल, आणि शेवटाला ठाम थांबा. परत येताना मी कारण नसताना गिअर बदलत होतो. पुढे-मागेचा प्रवास कमी झाला होता, बाजूचा तेवढाच राहिला होता, त्यामुळे तिसऱ्यातून दुसऱ्यात येणं जरा वेडंवाकडं वाटत होतं. वजनकाट्याचा हुक नॉबला अडकवून ओढला तर उभ्या गाडीत पहिल्याला आधी सुमारे ३ किलो लागत होते, आता ४. हिशेब बरोबर आला याचा आनंद मला झाला, त्याला अजिबात नाही. रिव्हर्सला खांदा लावावा लागत होता. आणि चढत्या आरपीएमवर तिसऱ्याची खर्र आधीपेक्षा सहज निघत होती, माझ्या हातूनही.

"तुमची गाडी असती तर?" त्याने विचारलं.

"आधी गिअरबॉक्स उतरवून तिसऱ्याचा सिंक्रो बदलला असता. मग हेच किट बसवलं असतं."

गिअरबॉक्स उतरवायचा खर्च किटच्या कितीतरी पट. त्याने किट ठेवलं, सिंक्रो पुढे ढकलला. मी जॉबकार्डवर 'तिसऱ्याचा सिंक्रो झिजलेला, गिऱ्हाइकाला दाखवला' असं लिहून त्याची सही घेतली. सही घेताना मलाच कसंतरी झालं. कागद माझ्या बाजूने झाला, पण ट्रायल मारताना मी स्वतः त्या खर्रकडे कानाडोळा करून आणखी दोनदा तिसरा टाकला होता. आवडलं नसतं तर मी किट काढून ठेवा म्हणून जास्त अडून बसलो असतो का, हे मला अजून ठरवता येत नाही. शिकाऊ पोरग्याचं मत वेगळं: "त्याची गाडी, दादा, त्याचा सिंक्रो." त्या वयात सगळं इतकं सोपं असतं.

परवा त्या गाडीवाल्या मुलाचा फोन आला. जड नॉब बसवला तर तिसरा नीट जाईल का, असं विचारत होता. जाईल, म्हटलं, वजनाच्या झोताने दांडा पुढे रेटला जातो आणि हाताला हलकं वाटतं. पण तो रेटा शेवटी त्याच रिंगेवर येणार. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग विचारलं, "गिअरबॉक्स उतरवायला गाडी किती दिवस ठेवावी लागेल?" दोन दिवस म्हणालो, रिंग हातात असेल तर. रिंग मी त्याच संध्याकाळी मागवून ठेवलीय, त्याला अजून सांगितलं नाही.