कोटिकोन, पूरक कोन आणि सव्वापाचची एसटी

वाडीतल्या मराठी शाळेत सातवीला आम्ही पाच जण होतो. जून २०१८ मध्ये भोरच्या हायस्कूलला आठवीत नाव घातलं, तर एका तुकडीत बासष्ट. गुरुजींचे सर झाले, बाईंच्या मॅडम झाल्या. पहिल्याच आठवड्यात मी एका सरांना सवयीनं 'गुरुजी' म्हटलं आणि मागचे दोन बाक फिदीफिदी हसले. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी वर्गात स्वतःहून तोंड उघडलं नाही.

गणित आणि विज्ञान सेमीत, म्हणजे इंग्रजीतून. "सेमीच घे, पुढं कामाला येईल," पप्पा म्हणाले. घरात तेवढीच चर्चा. त्यातच त्या वर्षी आठवीचा अभ्यासक्रम बदलला होता. चुलतबहिणीनं माझ्यासाठी जपून ठेवलेली गाईडं रद्दीत गेली.

गणित माझा हातचा विषय होता. लसावि, मसावि तोंडी काढायचे. इथे मात्र मॅडम एलसीएम म्हणाल्या की मी शेजारणीच्या वहीत डोकवायची. तिच्या आकड्यांवरून कळायचं, अरे, हे तर तेच! न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद. मग मी दोनशेपानी वहीच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. उजवीकडचा शब्द अडला की घरी शब्दकोश उघडायचा. शाळा सुटल्यावर कुणाला विचारायला थांबावं तर सव्वापाचची एसटी जायची, आणि पुढची साडेसातला. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट होता, पण गाडी चुकली की भाटघर धरणाच्या पाण्याकडेनं अंधारात कोण आणणार? खरं सांगायचं तर एसटी हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं त्या दोन बाकांचं.

शब्दकोशानंच मला पाडलं. समांतर रेषांच्या धड्याआधी सातवीच्या कोनांची उजळणी होती, त्यावर चाचणी झाली. 'कॉम्प्लिमेंटरी अँगल' शब्द आला. शब्दकोशात कॉम्प्लिमेंटरी म्हणजे पूरक, आणि पूरक कोन सातवीत पाठ होते: बेरीज १८०. मी प्रत्येक गणितात १८० मधून वजा करत गेले. प्रत्यक्षात कॉम्प्लिमेंटरी म्हणजे आपले कोटिकोन, बेरीज ९०. पूरक कोन म्हणजे सप्लिमेंटरी. वीसपैकी सहा मिळाले. पेपर पालथा ठेवून मी खिडकीबाहेर बघत बसले.

तास संपल्यावर मॅडमनी हाक मारली. म्हणाल्या, "पाचही ठिकाणी एकच चूक आहे गं. वजाबाकी बरोबर, रीत बरोबर. तू कॉम्प्लिमेंटरी म्हणजे काय समजलीस?" मी वही दाखवली. त्यांनी ती पानं चाळली, आणखी चार शब्द दुरुस्त केले आणि म्हणाल्या, मधल्या सुट्टीत डबा खाऊन स्टाफरूमपाशी येत जा. मधल्या सुट्टीचं मला इतके महिने सुचलंच नव्हतं. वेळ एसटीनंतरच असतो, असं का कोण जाणे डोक्यात बसलेलं.

त्या दारात उभं राहायला लागल्यावर भलतंच काही कानावर पडू लागलं. एनएमएमएस ही आठवीतच देता येणारी शिष्यवृत्तीची परीक्षा, हे मला तिथेच कळलं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. तेव्हा पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा दीड लाख होती, आमचं त्यात सहज बसत होतं. पप्पा दोन दिवसांची मजुरी बुडवून तहसीलला गेले आणि उत्पन्नाचा दाखला काढून आणला. दोन पेपर, बौद्धिक क्षमतेचा आणि शालेय क्षमतेचा, ९०-९० प्रश्नांचे. मी रात्री जागून गणितच करत होते, कारण भीती त्याचीच. नववीतल्या एका ताईनं विचारलं, "शालेय क्षमतेच्या पेपरात गणित किती प्रश्नांचं असतं माहितीये का?" वीस. विज्ञान पस्तीस, समाजशास्त्र पस्तीस. इतिहास-नागरिकशास्त्र मी मराठीतूनच शिकत होते, तिथे कसली वहीही लागत नव्हती. तेच मी शेवटच्या पंधरा दिवसांवर टाकलं होतं!

पुढे निकाल लागला. पात्र ठरले, निवड यादीत नाव नव्हतं. अख्ख्या महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा, तो जिल्ह्यांत वाटला जातो. पलीकडच्या वाडीतल्या मैत्रिणीचं नाव मात्र होतं. तिच्या घरी पेढे खाल्ले आणि घरी येऊन आईजवळ रडले. पप्पा एवढंच म्हणाले, "दाखला वर्षभर चालतो, दुसरीकडं लागंल."

एलिमेंटरी ड्रॉइंगचा, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेचा, फॉर्म मी आठवीत भरलाच नव्हता. सराव शाळा सुटल्यावर, म्हणजे पुन्हा सव्वापाचची एसटी. तिच्या पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला तीन ते सात वाढीव गुण मिळतात, हे ऐकून तर जास्तच चुटपुट लागली. नववीच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ड्रॉइंगच्या सरांना गाठलं. वाडीवरच्या आम्ही चौघी आहोत, शनिवारी अकरानंतर शिकवाल का, म्हणून विचारलं.

सर ब्रश धूत होते. वर न बघताच म्हणाले, "शिकवीन की. मागच्या वर्षी का नाही विचारलंत?"