पाच वर्षांच्या पायांनी व्हॅली ऑफ फ्लॉवर्स

आधीच सांगून टाकते, उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात आम्ही चौघं काही दरीच्या टोकापर्यंत गेलो नाही. टोकाकडचं पुष्पावती नदीचं रुंद पात्र लांबूनच पाहिलं आणि परत फिरलो. थोरली नऊ वर्षांची, धाकट्याला नुकतीच पाच पूर्ण झालेली. सह्याद्रीत अर्धा दिवस चालायची दोघांना सवय होती, पण तीन हजार मीटरवर झोपणं आणि लागोपाठ चालणं दोघांनाही नवीन. इतक्या लहान मुलांना तिथे नेता येतं का, असं आल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं. नेता येतं. फक्त मोठ्यांसाठी आखलेला कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नका.

उद्यान 1 जून ते 31 ऑक्टोबर उघडं असतं आणि फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. म्हणजे ऐन पावसात. आम्ही ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. ऋषिकेश ते गोविंदघाट अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि एका दिवसात होतं असं सांगणारे भेटतात. मुलं बरोबर असतील तर त्यांचं ऐकू नका. आम्ही पहिला मुक्काम पिपलकोटीला केला, दुसरा जोशीमठला. दुसऱ्या दिवशी दरड कोसळली होती. जेसीबी माती उपसत होता आणि आम्ही चार तास गाडीत गाण्यांच्या भेंड्या खेळत बसलो. वळणांनी थोरलीला दोनदा ओकारी झाली. गोळी गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी द्यायची असते, मी दिली पहिल्या घाटात. हाताशी एक जादा दिवस ठेवाच, तो लागतोच.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत चार किलोमीटर जीप जाते. तिथून मुक्कामाचं गाव घांगरिया साधारण दहा किलोमीटर आणि चढ जवळपास हजार मीटरचा. फरसबंद वाट आहे, चुकायची भीती नाही, कारण हेमकुंड साहिब या शिखांच्या तीर्थाला जाणारे यात्रेकरू सतत वर-खाली करत असतात. भीती आहे ती खेचरांची. पावसात शेण आणि चिखल एक होऊन दगड निसरडे होतात, आणि पाठीवर ओझं घेतलेलं खेचर बाजूला सरकत नाही, तुम्हालाच सरकावं लागतं. मुलांना पहिल्या शंभर पावलांत एकच नियम शिकवा: घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला भिंतीला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. धाकट्याने याचा खेळ केला. घंटा वाजली की ‘पाल!’ ओरडून भिंतीला चिकटायचा.

माझी मोठी चूक याच वाटेवर झाली. ओझं नको म्हणून पुलन्यात सगळं सामान खेचरावर चढवलं. सगळं म्हणजे मुलांचे कोरडे कपडेसुद्धा. वाटेतल्या भ्यूंडार गावाच्या पुढे पाऊस सुरू झाला. मुलांचे पोंचो घोट्यापर्यंत लांब होते, धाकटा त्यात पाय अडकून दोनदा पडला, मग मी तो कमरेला दोरीने वर बांधला, तर पाणी थेट मोज्यांत. खेचर तोपर्यंत घांगरियाला पोचलंही असेल. चहाच्या टपरीतल्या बाईंनी धाकट्याचे पाय चुलीजवळ शेकले आणि माझ्या ओढणीत गुंडाळून दिले. प्रत्येक मुलाचा एक कोरडा जोड, दोन मोज्यांचे जोड आणि टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या पाठीवर ठेवा. बाकीचं खुशाल खेचरावर जाऊ द्या. आणि पोंचो गुडघ्यापर्यंतचाच घ्या.

कंडी, म्हणजे हमालाच्या पाठीवरची वेताची टोपली, धाकट्यासाठी पुलन्यातच ठरवली होती. हे बरं केलं. भ्यूंडारचा पूल ओलांडल्यावर चढ अंगावर येतो, आणि रडणारं पोर कडेवर घेऊन घासाघीस करायची ती जागा नव्हे. कंडी घेणं म्हणजे हार, असं नवऱ्याला आधी वाटत होतं. शेवटच्या तीन किलोमीटरांत त्याचं मत बदललं. कंडीत पोर उलट्या तोंडाने बसतं. ‘आई, तुम्ही सगळे मला खालीच दिसताय,’ असं धाकटा वरून सांगत होता. पण चालणारा घामाघूम होतो आणि बसलेला गारठतो, हे मला उशिरा सुचलं. कंडीतल्या मुलाला चालणाऱ्यापेक्षा एक थर जास्त घाला आणि थोड्या थोड्या वेळाने त्याचे हातपाय चाचपा. आम्हाला एकूण सात तास लागले.

घांगरिया सुमारे 3,050 मीटरवर आहे. त्या संध्याकाळी थोरलीचं डोकं दुखायला लागलं, जेवण नको म्हणाली. पाणी पाजलं, सूप दिलं, आणि आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की वाढलं तर फुलं राहू देत, खाली उतरायचं. सकाळी तिने दोन पराठे मागून खाल्ले, तेव्हा जिवात जीव आला. मोठं मूल निदान ‘डोकं दुखतंय’ म्हणतं. लहान नुसतं किरकिर करतं, खात नाही, मलूल पडतं. अशा वेळी ‘दमलाय’ म्हणून सोडून देऊ नका. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर थांबून बघणं नाही, उतरणं हाच उपाय. औषधांबद्दल निघण्याआधीच मुलांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

दरीत शिरायचं फाटक सकाळी सातला उघडतं. मुक्कामाला परवानगी नाही, पाचच्या आत बाहेर यावं लागतं, आणि खेचरं आत सोडत नाहीत. आम्ही सातलाच नाव नोंदवून आत शिरलो. पुष्पावतीवरचा पूल ओलांडला की खडा चढ लागतो, भोजपत्राच्या झाडांमधून. सोललेली साल कागदासारखी लोंबत होती. जुन्या काळी यावर लिहीत, म्हटल्यावर थोरली खोडावर कुठे काही लिहिलेलं सापडतंय का ते बघत चढली. एका तासाचा चढ तेवढ्यात सरला. मुलांना ‘आता थोडंच राहिलं’ सांगण्यापेक्षा असं काही शोधायला लावा.

मग झाडं संपतात आणि समोर दरी. गुलाबी, जांभळं, पांढरं, मध्ये ढगांचे तुकडे. निळी ब्लू पॉपी एकच दिसली, दगडाच्या आडोशाला, पाकळ्या पावसाने मिटल्यासारख्या. 1931 मध्ये कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती वाट चुकून इथे उतरले आणि दरीचं नाव जगभर झालं. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2005 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. धाकट्याला या सगळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याची स्वारी डोक्यापेक्षा उंच गुलाबी झुडपांपाशी अडली होती. ‘आई, हा तर तेरडा!’

खरंच तेरडा. आपल्याकडे गौरीला आणतात त्याचाच हिमालयातला भाऊबंद, तशीच मागे शेपटी असलेली फुलं. आदल्या संध्याकाळी घांगरियाच्या वाटेवर त्याने पिकलेली शेंग चिमटीत धरून फोडली होती. ती गुंडाळी होऊन बिया उडाल्या, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. उद्यानात मात्र फूल, शेंग, काही तोडायचं नाही. हे फाटकाबाहेरच समजावून, कबूल करून घ्या. आत आल्यावर भांडण होतं, आमचं झालं.

नवरा आणि थोरली पुढे जोन मार्गारेट लेगच्या समाधीपर्यंत गेले. वनस्पती गोळा करायला आलेली ही इंग्रज बाई 1939 मध्ये इथेच पाय घसरून गेली. धाकटा आणि मी एका खडकावर बसून राहिलो. दोन तास. त्याने एका भुंग्याचा पाठलाग केला, मी डबा संपवला. बाराला परत फिरायचं हे आधीच ठरलं होतं, आणि ते दोघं दहा मिनिटं उशिरा आले म्हणून मी थोडी चिडलेही. उतरताना मुलांचे पाय दमलेले असतात आणि दगड ओले, उतार चढापेक्षा सावकाश धरा. आम्ही तीन तास घेतले.

हेमकुंडला मुलांना नेलं नाही. घांगरियाहून सहा किलोमीटर, पण तेवढ्यात बाराशे मीटरहून जास्त चढ आणि वर हवा विरळ. माझ्या मते या वयात तो हट्ट करू नये. दुसऱ्या दिवशी नवरा एकटा गेला, ब्रह्मकमळांचे फोटो घेऊन आला. आम्ही तिघं फाटकाच्या अलीकडे तेरड्याच्या पिकलेल्या शेंगा शोधत फिरलो.

परतीच्या दिवशी पुलनापर्यंत साडेचार तास लागले, धाकटा सगळं अंतर स्वतः चालला. कोरड्या कपड्यांची पिशवी या वेळी माझ्या पाठीवर होती. दिवसभर लख्ख ऊन पडलं होतं.